भिंगरीची जागा दुसऱ्या मुलीला दे

ता. १४, मंगळवार

प्रिय धाकटे,

सप्रेम सलाम. मी बरी आहे, गुडघे सोडून. बेकरीच्या भट्टीमुळे आमचं घर बारा महिने ऊबदार, त्यामुळे मांजर जागचं हलत नाही.

अक्षर बघून दचकली असशील. आजवरची पत्रं मी डोळ्यांचं निमित्त सांगून चर्चच्या पाळकांकडून लिहून घेतली. हे माझं आहे. अकरा दिवस लागले.

तुझ्या शाळेच्या वसतिगृहात आमच्या भिंगरीसाठी जागा झाली, असं कळवलंस. गेल्या वर्षी मीच मागे लागले होते. दप्तर दिसलं की पोरगी ओकायची, म्हणून सुनेने तिला शाळेतून काढलं. वर चर्चही सोडलं. मला तोंड दाखवायला जागा राहिली नाही. तीस वर्षं मी दर रविवारी चर्चमध्ये मुलांकडून बायबलची वचनं घोकून घेतली, आणि माझी नात बेकरीत पिठाची मापं घेत बसली!

आता रविवारी सून आमच्या पीठ मळायच्या टेबलाभोवतीच सात-आठ माणसं जमवते. शिंपी, नर्स, पोस्टमनची आई. प्रत्येकाने एक वचन वाचायचं आणि आठवड्यात आपलं काय झालं ते सांगायचं. ही कसली उपासना, म्हणून मी नाक मुरडून बसले. माझी पाळी आल्यावर बोट फिरवत घडाघडा म्हटलं. शेजारी भिंगरी. तिने माझं बोट उचललं, चार पानं उलटली आणि बरोबर ओळीवर नेऊन ठेवलं. कुणाला काही बोलली नाही.

धाकटे, मला वाचता येत नव्हतं. तुला ठाऊक होतं का? तुझं दप्तर शाळेच्या दारापर्यंत मी वाहायचे आणि शेजारी चर्चची फरशी पुसायला जायचे. तुमचं वचनांचं पाठांतर भिंतीपलीकडून ऐकून सगळं पाठ केलं. तू मुख्याध्यापिका झालीस तेव्हा तापाचं सांगून मी समारंभाला आले नाही. ताप नव्हता.

दुसऱ्याच दिवशी भिंगरीने टेबलावर पीठ पसरून मला पहिलं अक्षर काढायला लावलं. चुकलं की तळहाताने पुसते, की पुन्हा कोरं. मी पट्टी मारायचे गं मुलांना. आता त्या मुलांचे हात आठवतात.

पोस्टमनची आई माझ्यानंतर शिकायला बसली आणि जोडाक्षरांवर पोचलीसुद्धा. तिने पुस्तक उघडलं की माझा जळफळाट होतो. सून म्हणाली, "आई, देवाच्या दारातही तुम्हाला पहिला नंबर हवा." म्हटलं, "हवा. एकदा तरी."

भिंगरीला मी पाठवत नाही. पोरगी आता ओकत नाही, पाऊण किलोचं निम्मं तोंडी सांगते, हे एक कारण. सुनेला तेवढंच सांगितलंय. दुसरं तुला सांगते. तुझ्याकडे आली तर ती तुझी होईल. शाळा तुला मिळाली, आईबाबांचं कौतुक तुला मिळालं. ही मी देणार नाही.

तू मात्र ये, एखाद्या रविवारी. इथे तुला बघून कुणी उठून उभं राहणार नाही, आणि तुझा आठवडा कसा गेला हे तुलाही सांगावं लागेल. तू एकटीच जेवतेस, असं पाळक सांगत होते. हे तू मला कधी लिहिलं नाहीस.

उत्तर मोठ्या अक्षरात लिही. आता मधे कुणी नाही.

अजूनही तुझा हेवा करणारी,
तुझीच
ताई