रकान्यात न बसलेली दोन वर्षं

प्रिय ठोंब्या,

तुला एक आजी आहे. आठवत नसेल म्हणून खुणा सांगते: बुटकी, लंगडणारी, तुझ्या अळणी सूपला नावं ठेवणारी. महिनाभरात तू तिला एक फोन केला नाहीस. तिची वाचा अजून शाबूत आहे, म्हणून हे पत्र बोलून लिहवून घेतेय. अक्षर पाहून दचकू नकोस. लिहिणाऱ्याला ताकीद दिलीय, मी म्हणेन तेच लिहायचं, शोभेसाठी घालायचं नाही आणि लाजेपोटी गाळायचं नाही. नंतर शेजारीण मला सगळं वाचून दाखवणार आहे, तेव्हा लबाडीला जागा नाही.

मी आता जिन्यापर्यंत एकटी जाते. न्हाणीघरात तू बसवलेला दांडा अजून घट्ट आहे, एक स्क्रू तिरका गेलाय तो तुझ्यासारखाच हट्टी, हलत नाही. तो धरला की आठवतं, पहिल्यांदा मला आंघोळ घालताना तू लाजून डोळे मिटलेस आणि साबण माझ्या नाकात घातलास. नंतर इतका तरबेज झालास की नर्सबाई तुला कामाला ये म्हणायच्या. गेला असतास तर बरं झालं असतं असं आता वाटतं.

तुझ्या आईने मला सगळं सांगितलं. बँकेने तुला निवडलं, आणि रुजू होण्याआधी चौकशी करणाऱ्या कंपनीकडे तुझे कागद धाडले. दुसऱ्यांचे पैसे हाताळायचे, तेव्हा माणूस कुठे शिकला, कुठे राहिला, कुठे कामाला होता हे ते लोक फोन करकरून पडताळतात म्हणे. बरोबरच आहे. भाडेकरू ठेवायचा तरी आपण चार ठिकाणी विचारतो. तुझी शिक्षणानंतरची दोन वर्षं रिकामी दिसत होती, तिथे तू मामाच्या चष्म्याच्या दुकानाचं नाव घातलंस. मामानेच सुचवलं होतं, घाल बिनधास्त, कोणी विचारलं तर मी बघून घेईन. मग खरंच विचारलं. कंपनीच्या बाईंनी फोन करून पगाराच्या पावत्या मागितल्या, आणि मामाची गाळण उडाली. हा मुलगा इथे कधीच कामाला नव्हता, म्हणाला. मग दोन वर्षं होता कुठे, त्यांनी विचारलं. मामा म्हणाला, मला माहीत नाही.

इथे लिहिणाऱ्याचा हात थांबलाय. थांबू दे, तोवर मी घोटभर पाणी पिते. हां, लिही आता.

मामाला माहीत नव्हतं? माझा खुबा मोडला तेव्हा तुझ्या आईची नोकरी दूर, ती सुटेना. मामा चार गल्ल्या पलीकडे, पण दुकान बंद कसं ठेवणार? तू म्हणालास मी येतो, परीक्षा संपलीय, महिन्या-दोन महिन्यांचा तर प्रश्न. तुझे सोबती एकेक करून नोकरीला लागले, इस्त्रीचे कपडे घालून तुला भेटायला यायचे, आणि तू आतल्या खोलीत माझं भांडं रिकामं करत असायचास. मामाने फोनवर एवढंच सांगायचं होतं, तो माझ्या आईजवळ होता. पण ते सांगितलं की पुढचा प्रश्न आलाच, मग तुम्ही कुठे होता? त्या बाईंनी तो विचारला नसता रे. त्याचा त्यालाच पडला असता.

तुलाही सोडत नाही मी. खोटं तू लिहिलंस. खरं लिहायला काय झालं होतं? आजीला सांभाळणं कामाच्या रकान्यात बसत नाही, असं आईला म्हणालास. ते ऐकून मला पुन्हा पडल्यासारखं झालं. तुझी खोड तशी जुनीच. फोनवरचे निरोप वाचून दाखवायचास, मामाने विचारलंय, आईच्या खुब्याला आराम आहे ना, रात्री झोप लागते ना. माझ्या पोराला मी ओळखत नाही होय? खुबा डावा की उजवा हेसुद्धा त्याला ठाऊक नव्हतं. तू ते मनाने रचत होतास. ऐकायला बरं वाटायचं, म्हणून मी गप्प राहिले. तेव्हाच कान पिळायला हवा होता. बाकी मला अक्षर येत नाही, पेन्शनच्या कागदावर काय आहे म्हणून तू सांगशील त्यावर मी अंगठा उठवायचे. तुझ्या आईने पुढे पै न् पैचा हिशेब पाहिला, कुठे काही इकडचं तिकडे नव्हतं. बँकेला याहून वेगळं काय तपासायचंय?

आता पत्र कशाला ते ऐक. बँकेने तुझ्याकडे खुलासा मागितलाय, मुदत संपत आली, आणि तू फुगून बसलायस. अक्षर तू ओळखलंच असशील, मामाचं आहे. आज दुकान बंद ठेवायला लावून त्याला माझ्या पलंगाशेजारी स्टुलावर बसवला आणि हे सगळं त्याच्याच हातून लिहवून घेतलं. गाळलं काही नाही त्याने. दोनदा चष्मा पुसला, काच धुरकट आहे म्हणाला, आणि म्हणे दुकान चष्म्यांचं. सोबत वेगळा कागद आहे: तू कुठे होतास, दुकानाचं नाव घालायला कोणी सांगितलं, फोनवर कोणी काय लपवलं. खाली त्याची सही, शेजारी माझा अंगठा. तो त्या बाईंना दे, आणि तुझी चूक तुझ्या शब्दांत कबूल कर. नोकरी मिळेल असं मला वाटत नाही, एकदा खोटं सापडलं की लोक पुढचं ऐकत नाहीत. तरी दे. मला उठवून चालतं करण्यात गेलेली तुझी वर्षं कोणाच्या तरी दफ्तरी खरी लागू देत. आणि दोन वर्षं वरच्या फळीवर माझ्यापासून लपवलेस तसले खारे शेंगदाणे आता पाठवून दे. दातांची काळजी करू नकोस, मी चघळेन. दोन पुड्या पाठव. एक मामाला देईन, आज पहिल्यांदाच तो माझ्याजवळ इतका वेळ बसलाय.

तुझीच,
अळणी सूपवाली आजी