मॉस्कोजवळची ज्वारी

१२ ऑगस्ट, सोमवार. उदगीर

भुजंग सरांनी माझी टिपणांची वही छापली! ‘सोव्हिएत समाज : धर्म आणि स्त्री’ — वर नाव त्यांचं, डॉक्टरेटसकट. स्टाफरूममध्ये पेढे वाटले, मला एक प्रत सही करून दिली. तुमच्या वर्गाला हेच लावा म्हणाले. पेढा खाल्ला मी. काय करणार?

ते विभागप्रमुख. मी अकरा वर्षं तासिका तत्त्वावर. पुढच्या महिन्यात कायम जागेची मुलाखत, आणि समितीवर तेच. गप्प बसण्यात शहाणपण आहे हे मला कळतं. पण बसणार नाही.

१३ ऑगस्ट

पुस्तक वाचून काढलं. चर्चच्या घंटा उतरवल्या ते पान, पाळणाघरं, सार्वजनिक भोजनगृहं — सगळं माझं. ‘कारखान्यातली पाळी संपली की बाईची घरातली पाळी सुरू’ हे वाक्यसुद्धा, जसंच्या तसं.

आणि नागुश्का! देव सोडणं बाईला किती जड जातं, हे तिसऱ्या वर्षाच्या मुलींना कळेना, म्हणून मी लिहिलं होतं — समजा, मॉस्कोजवळच्या खेड्यात एक नागुश्का होती. पक्षाचा माणूस भिंतीवरची मूर्ती काढायला सांगतो. ती त्याच्यासमोर काढते आणि तो गेल्यावर ज्वारीच्या कणगीत लपवते.

ती माझी आजी. नागुबाई. छप्पन्नला दीक्षा घेतली तेव्हा इस्लापूरच्या आमच्या घरातले देव टोपल्यात घालून पैनगंगेला दिले. आजीने तिच्या आईने दिलेली एक मूर्ती मागे ठेवली, ज्वारीच्या कणगीत. फक्त मला सांगितलं होतं.

सरांनी माझा ‘समजा’ तेवढा गाळला. ‘नागुश्का या शेतकरी स्त्रीने मूर्ती ज्वारीच्या कणगीत लपवली.’ मॉस्कोजवळ ज्वारी! नक्कल करायलाही अक्कल लागते.

१६ ऑगस्ट

वही घरच्या कपाटात असते. गेली कशी? जूनमध्ये राजकन्या दोन दिवस घेऊन गेली होती. वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी. तिनेच पोचवली. आज तिला उभं करून प्रश्नांवर प्रश्न विचारले. रडली. मला कीव आली नाही.

२४ ऑगस्ट

आनंदराज म्हणतो, मुलाखत होऊ दे, मग काय ते कर. पंचायत समितीत फायली सांभाळून नवऱ्याच्या अंगात सबुरी मुरली आहे. माझ्यात नाही. माझ्या आजीला चोरलंय त्यांनी. ही आग मुलाखतीने विझणार नाही.

२८ ऑगस्ट

शनिवारी लातूरला चर्चासत्र. सर नागुश्कावरच बोलणार. नाव नोंदवलं.

३१ ऑगस्ट, शनिवार. लातूर

जमलं!

सरांनी नागुश्का अगदी गळा भरून सांगितली. टाळ्या झाल्या. मी हात वर केला, नम्रपणे उभी राहिले.

“सर, एक शंका होती. मॉस्कोजवळ ज्वारी पिकते का?”

आधी मागच्या रांगेत कुणी हसलं, मग अर्धा हॉल. अध्यक्षबाईंनी संदर्भ विचारला. सर स्वतःच्याच पुस्तकाची पानं चाळत बसले, पाणी प्यायले. मग मी वही काढली आणि २०१९ ची तारीख घातलेलं ते पान मोठ्याने वाचलं. ‘समजा’वर चांगला जोर दिला.

फार आनंद झाला. दुष्ट आनंद, लपवत नाही. एसटीत उदगीरपर्यंत एकटीच हसत होते.

३ सप्टेंबर

सरांना पुस्तक मागे घ्यावं लागलं. मुलाखतही बेमुदत पुढे ढकलली. अकरा वर्षं गेली, अजून जातील. आता राजकन्या! उद्या प्राचार्यांकडे लेखी तक्रार देणार. परीक्षेला बसू देऊ नये, असं स्पष्ट लिहिणार.

४ सप्टेंबर

सकाळी टेबलावर तक्रार लिहीत होते. आनंदराजने चहा ठेवला आणि कागद वाचला. तो तिथेच उभा राहिला.

“त्या पोरीचं नाव नको टाकू. वहीची झेरॉक्स म्याच दिली सरांला. मुलाखतीत तुझं काम करतो म्हणले व्हते.”

राजकन्येचं नाव खोडलं. त्याला विचारलं, तुझं पूर्ण नाव कसं लिहू?