काकवी गप्प होते तेव्हा

हलब (अलेप्पो, सीरिया), ५ सप्टेंबर १९८८

ती. वर्दाताईस मित्रीचा शि. सा. न. वि. वि.

माझ्या कोशासाठी पाठवलेले गावाकडचे चाळीस शब्द पोचले. गंमत पाहा, आपल्या आरामी बोलीत लेहमा म्हणजे भाकरी. तोच शब्द अरबांकडे लहम झाला आणि त्याचं मांस झालं! कोशात एकच रकाना रिकामा आहे. द्राक्षांची काकवी कढईत खदखदता खदखदता एकदम गप्प होते, त्या क्षणाला आपल्यात काय म्हणतात? आईला विचार. परीक्षा आहेत, यंदाही गावी यायला जमेलसं दिसत नाही.

लोभ आहेच, तो असाच मुरू द्यावा.
मित्री


गाव, १४ सप्टेंबर

चि. मित्रीस अ. उ. आ.

भाकरीचं मूळ सापडलं, आनंद आहे, भाजणारीला विसरलास. आई म्हणते, शब्द आहे, पण त्यात आपला 'च' आहे, तो अरबी अक्षरांत मावत नाही. तोंडाकडे बघून शिकावा लागतो. तेव्हा ये.

काकवीचा पहिला डाव घरच्या थोरल्या मुलानं चाखायचा. तीन वर्षांचे तीन बुधले तिनं मेण लावून फळीवर ठेवलेत. आम्ही नुसते बघतो. मी तुझ्याहून मोठी, पण गाव तिला हाक मारतं ते 'मित्रीची आई' म्हणून. दिवसातून वीसदा तुझं नाव ऐकते बिचारी.

लोभ असावा, जमल्यास रजाही.
वर्दा


हलब, २२ सप्टेंबर

ती. ताईस सा. न.

टेपरेकॉर्डर पाठवतोय. आईला त्यात तो शब्द फक्त एकदा म्हणायला सांग.

तुझा मित्री


गाव, ३ ऑक्टोबर

चि. मित्रीस अ. आ.

आई म्हणाली, पेटीला शब्द शिकवून काय करू, पेटी काय जेवायला बसणार आहे? मी यंत्र कढईजवळ चालू ठेवलं. जे आलं ते पाठवतेय.

आता खरं सांगते. कढईभोवतीच्या साऱ्या म्हाताऱ्यांना विचारलं. असा शब्दच नाही. आईनं रचलाय. रागावू नकोस. तिच्याजवळ तुला ओढायला दुसरं काही उरलं नव्हतं.

वर्दा


हलब, ११ ऑक्टोबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

शब्द नाही, हे मला तुझ्या त्या 'च'च्या पत्रातच कळलं होतं. चार भाषांची मुळं उकरली होती, असा शब्द कुठंच निघाला नाही. तरी पत्रातूनच विचारत राहिलो; न येण्याला तेवढंच निमित्त.

टेप ऐकली. काकवी खदखदते, मग गप्प होते. त्या शांततेत आई हळूच कुणाला तरी विचारते, बस आली का म्हणून.

रकाना कोरा ठेवलाय. शनिवारच्या बसनं निघतो. बुधले मी येईपर्यंत उघडू नका. आणि शब्द नाही हे मला माहीत आहे, असं आईला सांगू नकोस. उच्चार शिकायला येतोय म्हणावं.

बाकी लोभाचं समोर बसून बोलू.
मित्री