उणे दहा बाजूचा चौकोन

ता. ९ नोव्हेंबर

प्रिय वहिनी,

साष्टांग नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे, असं लिहायची सवय म्हणून लिहिलं. तुझ्या गुडघ्याला त्या नव्या तेलाचा गुण आला का? दादा अजून लोकांचे बिघडलेले रेडिओ उघडून बसतो का? एवढा संसार पसरतो आणि प्रत्येक स्क्रू बोटांनी बरोबर हुडकतो, याचं मला हल्ली फारच नवल वाटतं. अक्षर जरा मोठं आलंय, हसू नकोस.

यंदा माझ्याकडे हायस्कूलच्या दुसऱ्या वर्षाचं बीजगणित आहे. पहिल्या वर्षी पोरांची ‘क्ष’शी नुसती तोंडओळख होते, दुसऱ्या वर्षी तो अंगावर येतो. वर्गसमीकरणं सुरू झाली की अर्धा वर्ग कडू औषध घेतल्यासारखं तोंड करून बसतो. इतकी वर्षं शिकवल्यावर मला वाटायचं, आपलं सगळं बघून झालंय. परवा कळलं, काहीच बघितलं नव्हतं.

वर्गात एक मुलगी आहे, तिला सगळे चिमणी म्हणतात. आवाज इतका बारीक की ‘हजर’ म्हणाली तरी शेजारणीला पुन्हा ओरडून सांगावं लागतं. परवा ती आपणहून फळ्यापाशी गेली. गणित होतं, क्ष वर्ग अधिक सहा क्ष बरोबर चाळीस. मी खिडकीशी उभा होतो. तिने खडू उचलला आणि चक्क खणखणीत बोलायला लागली.

“हा क्ष बाजूचा चौकोन. सहा क्षची पट्टी मधोमध कापली. तीन रुंदीची एक पट्टी उजवीकडे लावली, एक खाली. आता कोपऱ्यात खाच राहिली, तीन बाय तीनची. तेवढे नऊ दोन्हीकडे घातले की मोठा चौकोन पूर्ण! चाळीस अधिक नऊ, एकोणपन्नास. बाजू सात. म्हणून क्ष चार.”

वहिनी, हे मी तिला शिकवलं नव्हतं. मी नुसती रीत सांगितली होती, हा चौकोन तिचा तिने शोधला होता. 

तेवढ्यात मागच्या बाकावरचा उंच पोरगा, लंबू, उठला. “सर, उणे दहा पण चालतंय! शंभर वजा साठ, चाळीसच.” मग स्वतःच गोंधळला. “पण उणे दहा बाजूचा चौकोन काढायचा कसा?”

“काढता येत नाही,” मी म्हणालो. “ताळा करून बघ. उत्तर खरं आहे.”

अख्खा वर्ग पुटपुटत ताळा करायला लागला.  देवळात स्तोत्र म्हणावं तसा. मीसुद्धा.

इथून पुढचं आधी एकटीच वाच.

तास संपल्यावर मी चिमणीला विचारलं, “तुम्ही सगळे हल्ली बोलत बोलत का सोडवता?” ती खाली बघत असावी. म्हणाली, “सर, मागे एकदा तुम्ही फळ्यावरचं गणित तपासत होतात. फळा पुसलेला होता.”

मी खुर्ची चाचपून बसलो. कुणी हसलं नव्हतं, वहिनी. कुणी घरी नाही सांगितलं, मुख्याध्यापिकांकडे नाही गेलं. मधल्या सुट्टीत आपापसात ठरवलं, की फळ्यावर जे लिहायचं ते मोठ्याने बोलायचं. चिमणीनेसुद्धा, जिला हजेरीलाही घाम फुटतो. “आणि बोललं की आम्हालाच जास्त कळतं, सर,” ती म्हणाली. माझी लाज राखायला म्हणाली की खरंच, कोण जाणे.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे मी उन्हाळ्यातच जाऊन आलो होतो. दादाचंच दुखणं आहे. नजरेच्या कडा आधी गेल्या, आता मधलंही धुरकट होत चाललंय. तुला सांगायला जीभ रेटेना. एकाचं सगळं केलंस, तुझ्या पुढ्यात दुसऱ्याचं कुठल्या तोंडानं ठेवू?

काल मुख्याध्यापिकांना स्वतःच सांगितलं.  त्या म्हणाल्या, “पेपर तपासायला कुणीतरी देते. वर्ग मात्र तुमचाच.” पुढचं वर्ष पुढे बघू.

भीती वाटते, खोटं कशाला बोलू. पण चिमणीचा तो चौकोन मला इतका स्वच्छ दिसला, वहिनी, खडूच्या रेघेसकट, की डोळे धड होते तेव्हाही फळ्यावर तसा कधी दिसला नव्हता.

सोमवारी उणे एकाचं वर्गमूळ शिकवायचंय. दादाला हे सगळं वाचून दाखव आणि त्याला घेऊन ये. मागच्या बाकावर बसा. तो पहिल्यांदा चाचपडत घरात फिरू लागला, तेव्हा मी त्याच्यासमोरून बाजूला व्हायचो. आता मला त्याच्या शेजारी बसायचंय, आणि विचारायचंय की सकाळी उठल्यावर पहिल्यांदा काय करायचं असतं.

वाट बघतोय. बघणं चालू आहे तोवर बघत, नंतर ऐकत.

तुझा,
धाकटा