हौदातली जागा

लातूर, ९ सप्टेंबर

चि. उद्धवास सौदामिनीताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोनवर तू अर्धं ऐकतोस आणि उरलेल्या अर्ध्याला हूं म्हणतोस, म्हणून पत्र. गेल्या आठवड्यात टीव्हीवर तुमचं धरण दाखवलं. दारं उघडलेली, आणि पाणी ज्वारीच्या पिठासारखं पांढरं, उडत उडत खाली जात होतं. मी त्यात हरवूनच गेले. भान आलं तेव्हा चहा गार झाला होता आणि डोकं तापलं होतं. चार महिने पाऊस, आठ महिने वाट पाहणं, आणि भरत आलेलं धरण तुम्ही तेलंगणात सोडून देता? कॉन्व्हेंटात सिस्टर पेल्यात उरलेला घोटसुद्धा टाकू देत नसत.

इथे नळ आठवड्याने येतो, वेळ त्याच्या मर्जीची, म्हणून मी तोटी उघडीच ठेवते. खालची शांतम्मा नळाच्या दिवशी जुनं पाणी झाडांना घालून हौद मोकळा करते. मी असला उधळेपणा करत नाही. माझा न्हाणीतला हौद कायम काठोकाठ.

पेपरात पत्र छापून आणलंय. ज्या साहेबाने तो हुकूम दिला त्याची शाळेत घ्यायचे तशी हजेरी घेतली आहे. कात्रण जोडलंय, कॉलनीत वाचून दाखव.

गुडघा दुखतो, जीभ ठणठणीत आहे. लोभ आटू देऊ नकोस.

तुझी ताई

धरण वसाहत, नांदेडजवळ, १२ सप्टेंबर

ती. ताईस उद्धवचा शि. सा. न. वि. वि.

कात्रण पोचलं. त्याआधी तेच कात्रण मोठ्या ऑफिसातून आलं होतं, खुलासा मागणाऱ्या कागदाला टाचून. ताई, ते साहेब मीच. जूनमध्ये आमच्या अभियंत्यांची बदली झाली, तेव्हापासून कार्यभार माझ्याकडे आहे. तुला सांगितलं असतं तर तू गल्लीभर पेढे वाटले असतेस.

वरच्या धरणाचा निरोप आला की तिकडे जोराचा पाऊस आहे, ते पाणी सोडणार. येणाऱ्याला जागा हवी, म्हणून मी चार दारं उचलली. आणि ढग दुसरीकडेच गेले. आता तलाव पुरुषभर खाली आहे आणि सगळे माझ्याकडे बघून राहिलेत. तिसाला मी रिटायर होतो. तोवर पाणी आलं नाही, तर छत्तीस वर्षांच्या नोकरीवर शेवटचा शेरा पाणी वाया घालवल्याचा. बाकी, इथलं पाणी लातूरला येतच नाही, हेही तुझ्या कानावर घालतो.

दारं चालवणारा सटवाजी म्हणतो की धरण म्हंजे गाभण देवणी गाय हाय, तिला लई दाबू न्हाई. संध्याकाळी मी भिंतीवर बसतो. पाणी इतकं स्थिर असतं की एक बगळा उडाला तरी दोन उडतात. नांदेडच्या घाटावरचे दिवे इथून दिसत नाहीत, पण मला दिसल्यासारखे वाटतात. पाणी एकदम आलं तर आधी तिथल्याच घरांत शिरेल.

रागावलेलो नाही. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा उद्धव

लातूर, १५ सप्टेंबर

चि. उद्धव, अ. आ. वि. वि.

तुझं पत्र काल सकाळी मिळालं. नळाचा दिवस होता. वाट पाहता पाहता खुर्चीतच डोळा लागला. स्वप्नात तुझा तलाव हळूहळू आमचा जिना चढून वर आला, सटवाजीच्या गायीसारखा शेजारी बसला आणि माझे पाय चाटू लागला. फार बरं वाटलं. जागी झाले तर पाय खरंच पाण्यात. हौद आधीच भरलेला, नव्या पाण्याला जागाच नव्हती. ते घरभर फिरून शांतम्माच्या स्वयंपाकघरात उतरलं होतं. तिची उदगीरहून आणलेली वर्षाची तूरडाळ भिजली.

ती ओरडली नाही. एवढंच म्हणाली की टीचरबाई, नवं येणार म्हटल्यावर जुनं आधी सोडावं लागतंय. न्हाईच आलं तर आठ दिवस कमीत काढायचे, भिजल्या डाळीपरीस ते बरं. ओरडली असती तर मी दोन शब्द ऐकवले असते.

आज मोठ्या ऑफिसला दुसरं पत्र टाकलं, पेपरला त्याची नक्कल. हौद, डाळ, शांतम्मा, सगळं लिहिलं. माझं पहिलं पत्र चुकीचं होतं, या एका वाक्याला पाऊण तास लागला.

मला न सांगता साहेब झालास याचा राग मात्र राखून ठेवलाय. आठवण ठेव.

ताई

धरण वसाहत, २४ सप्टेंबर

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

पाणी आलं. रविवारी सकाळी आधी तलावाचा रंग बदलला, मग मोजपट्टीचे आकडे एकेक करून बुडत गेले. आम्ही दारं बेताबेताने उचलत राहिलो. चढ थांबला तेव्हा वीतभर जागा उरली होती. घाटाच्या पायऱ्या बुडाल्या, घरं कोरडी राहिली.

खुलासा मान्य झाला. तुझं पत्र मोठ्या ऑफिसातल्या साहेबांनी फाईलला लावून घेतलं. विचारत होते की या बाई पूर्वी कोणत्या धरणावर होत्या.

तिसाला ये. माझ्याशेजारी भिंतीवर बस. राखलेला रागही आण.

तुझा उद्धव

लातूर, २७ सप्टेंबर

चि. उद्धव, अ. आ.

एकोणतीसच्या बसने येते. उद्या नळाचा दिवस, म्हणून आज शांतम्माने आणि मी मिळून हौद उपसला. तुळस झाली, चाफा झाला, उरलेलं रस्त्यावरच्या कडुनिंबाला. इतक्या वर्षांत हौदाचा तळ मी पाहिलाच नव्हता. वाकून तुझं नाव घेतलं, तर घुमून परत आलं. एवढी जागा होती त्यात.

ताई