इंदूरला कामावर गेलेलं नाव

बाबा,

मागच्या आठवड्यात वरचा मजला भाड्यानं बघायला एक गृहस्थ आले, आणि त्यांचा चहा पिऊन होईपर्यंत माझं नाव माझं राहिलं नाही. तेव्हापासून तुमच्याशी बोलायचं आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायला मला आधी मिलचा भोंगा आठवावा लागतो. तो थांबला की त्याच्यामागून तुम्ही सायकल भिंतीला टेकवून हाक मारता.

अन्नपूर्णा मंदिराजवळच्या या घराच्या फाटकावर दोन पाट्या आहेत, एक ह्यांची आणि एक माझी. माझी पितळेची, माहेरच्या आडनावाची. ते गृहस्थ तिच्यासमोर बराच वेळ उभे होते. माझ्याच वयाचे, महाराष्ट्रातून आलेले, मुलाला इथे नोकरी लागली म्हणून घर शोधत होते. म्हणाले, "अहो, हे तर आमचं आडनाव. इंदुरात कुठून आलं?" मग बसले, आणि तिकडची माणसं विचारतात तसं त्यांनी विचारलं, मूळ गाव कोणतं. मी अगदी अभिमानानं सांगायला लागले. जे सांगत होते ते सगळं तुमचंच होतं, छत्रीबागेतल्या आपल्या स्वयंपाकघरात ऐकलेलं.

तेव्हा मी पाचवीत आहे. आई कॉन्व्हेंटच्या मुलींचे युनिफॉर्म शिवते, म्हणून मला तिथे जागा मिळाली आहे. सिस्टरनी सांगितलंय, घरी विचारून या, तुमच्या आडनावाचा अर्थ काय, ते आलं कुठून. तुम्ही पहिल्या पाळीहून आलाहात, भुवयांवर कापसाची भुकटी आहे, आई पोह्यांवर शेव घालते आहे. मी विचारते, आणि तिचा हात डब्यातच थांबतो. तुम्ही सावकाश पाणी पिता. "एक गाव आहे बेटा. तिथे नदी अशी वळते, कोपरासारखी," आणि तुम्ही स्वतःचा हात वाकवून दाखवता. "वळणावर मारुती आहे. त्याचं तोंड गावाकडे नाही, पाण्याकडे. लोक म्हणतात, रुसलाय. त्या गावचे, म्हणून आपलं हे आडनाव." मी म्हणते, आपण कधी जायचं. "जाऊ ना. मिलला छुट्टी तर पडू दे." दुसऱ्या दिवशी मी ते सगळं वर्गापुढे इंग्रजीत सांगितलं. सिस्टर म्हणाल्या, प्रत्येकीच्या आडनावात एक घर असतं, हिच्या आडनावात नदीसुद्धा आहे.

कोपर म्हटल्यावर त्या गृहस्थांनी कप खाली ठेवला. "कोपरासारखी, असं आमचे काका म्हणायचे. दुसऱ्या कुणाच्या तोंडून आज पहिल्यांदा ऐकतोय." मग त्यांनी काकांची गोष्ट सांगितली, घरात वर्षानुवर्षं सांगून गुळगुळीत झालेली. काका तरुणपणी इंदूरच्या मिलमध्ये साच्यावर, म्हणजे कापड विणायच्या मागावर होते. छाती बिघडली, गावी परत यावं लागलं. जागा जाऊ नये म्हणून मिलचा बिल्ला एका मित्राच्या हातात देऊन आले. बदली कामगारांत तेव्हा असं चालायचं, बिल्ला ज्याच्या हातात, नाव त्याचं. काका काही बरे झाले नाहीत, मित्र त्यांच्या नावानं कामावर जात राहिला. "ओसरीवर बसून काका आम्हाला सांगायचे, मी इथे उन्हात बसलोय आणि माझं नाव इंदूरला कामावर गेलंय. आम्ही पोरं मुद्दाम विचारायचो, काका, नाव आज कोणत्या पाळीला? ते म्हणायचे, गप्प बसा रे, रात्रपाळी करून आत्ताच झोपलंय."

ते हसले. मीही हसले असेन. मग मी विचारलं, "आणि तो मित्र?"

"कोण जाणे. निमाडकडचा होता. आमच्यातला नव्हता, एवढं आजी सांगायची. त्याच्या स्वतःच्या नावावर त्याला साच्यावर कुणी उभं केलं नसतं." हे त्यांनी सहज सांगितलं आणि बिस्किट उचललं. "पण आजीला त्याचा राग नव्हता हं. दिवाळीला तिच्यासाठी कुणाच्या तरी हाती लुगडं यायचं. काका गेल्यावरसुद्धा येत राहिलं. ती म्हणायची, माझा एक मुलगा गेला, एक इंदूरला आहे." आणि मग, जायला उठताना, "तुमचं नाव काय म्हणालात?" मी माझं नाव सांगितलं. "बघा, योगायोग बघा. हेच आमच्या आजीचं."

तो मित्र तुम्ही, बाबा. आडनाव काकांचं, माझ्या नावामागे लागतं ते तुमचं नाव काकांचं, आणि पहिल्या मुलीला बापाच्या आईचं नाव ठेवतात तसं माझं नाव त्यांच्या आईचं. ज्या गावच्या आपण, ते गाव तुम्ही कधी पाहिलंच नव्हतं. मागांच्या त्या खडखडाटात मित्राच्या तोंडून ऐकून तुम्ही त्याची नदी पाठ केली होती. ते गृहस्थ फाटकापाशी "तुम्ही कोणत्या घरच्या?" म्हणाले, तेव्हा मी म्हटलं, "असू दुसऱ्या कुठल्या शाखेतले." ते गेले. मी कपबश्या तशाच ठेवून बसून राहिले. ते "आमच्यातला नव्हता" म्हणाले तेव्हा मला "आमच्यात" धरूनच बोलत होते.

लग्नात ताटातल्या तांदळांवर नवं नाव लिहायची वेळ आली तेव्हा मी हट्ट धरला होता, बाबांचं नाव मी सोडणार नाही, ना पहिलं ना आडनाव. सासूबाईंनी तुमच्याकडे पाहिलं. मला वाटलं, तुम्ही अभिमानानं फुलाल. तुम्ही म्हणालात, "बदलून टाक ना बेटा. नाव तर नाव आहे, कामाला आलं की झालं." मी कितीतरी दिवस तुमच्याशी धड बोलले नाही. आणि आई! हळदीकुंकवाला, तुम्हाला भिया म्हणणाऱ्या बायका तिला घेरायच्या, "घ्या ना वहिनी, नाव घ्या, भियांचं नाव काय इतकं भारी आहे का?" आई पदर तोंडाला लावून म्हणायची, "मला नाही बाई येत उखाणा." इतर बायकांचे उखाणे तीच तर रचून द्यायची. मी समजत होते, लाजते.

मिलला कायमचं कुलूप लागलं त्या दिवशी तुमच्याबरोबरची माणसं फाटकाशी रडत होती. तुम्ही घरी आलात, सायकल लावलीत, आईला म्हणालात, "चलो, सुटलो." आई म्हणाली, "अहो, आता तरी सांगा मुलीला." तुम्ही म्हणालात, "काय सांगू? इतकी वर्षं झाली, आता तेच खरं." मी दारात उभी होते. मला वाटलं, मिल पुन्हा उघडणार नाही हे माझ्यापासून लपवताय.

आणि दवाखान्यात, अगदी शेवटी, आईनं तुमच्या कानाशी वाकून देवाचं नाव घेतलं. एकदा, मग पुन्हा. तुम्ही डोळे उघडून तिच्याकडे पाहिलंत, जणू कुणी बाहेरून हाक मारली. आम्ही सगळे म्हणालो, किती पुण्यवान, कानावर देवाचं नाव पडलं. आईनं काही खुलासा केला नाही, नंतरही नाही. ते देवाचं नाव नव्हतं ना, बाबा?

वरचा मजला मी त्यांच्या मुलाला दिला आहे. तो पुढच्या महिन्यात सामान घेऊन येईल, आणि एकाच आडनावाची माणसं म्हणून पोस्टमन आमची पत्रं उलटसुलट टाकेल. हे पत्र मात्र तो कुणाला देणार नाही, हे माझ्या कपाटातच राहील.

एक सांगायचं राहिलं. काल दुपारी स्वयंपाकघरात पोहे भिजत घातले होते, तेव्हा आईनं तुमच्या कानात म्हटलेलं ते नाव मी माझ्या नावामागे लावून पाहिलं. जमेना. मग जरा मोठ्यानं, पुन्हा म्हटलं. बाहेरून ह्यांनी विचारलं, "अगं, कोणाला आवाज देतेस?"

मी म्हटलं, कोणाला नाही.