टेबलाच्या टोकाची खुर्ची

४ मार्च

ती. आत्यास,
प्रभूच्या नावात सलाम वि. वि.

तुझं पत्र शनिवारी मिळालं. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडता येत नाही, तेव्हा आपली पत्रंच बरी. दुकानात काम भरपूर आहे. परवा एका आजोबांच्या चष्म्यात डावी-उजवी काच उलट तर बसवली नाही ना, या शंकेने मी अर्ध्या रस्त्यातून परत गेले. बरोबरच होती. मालक म्हणाले, तुला पगार काचा बसवण्याचा देतो, शंका काढण्याचा नाही.

आता जे लिहायला बसले ते लिहिते. चर्चच्या पंचांच्या बैठकीत टेबलाच्या टोकाची खुर्ची रिकामी ठेवायची हा बाबांचा नेम तुला ठाऊक आहे. मंडळीचं मस्तक ख्रिस्त, आपण बाकीचे हातपाय, म्हणून तिथे पाळक असून त्यांनी स्वतःसुद्धा बसायचं नाही. मंडळी फुटून दोन गटांनी चर्चच्या दाराला आपापली कुलपं लावली होती, तेव्हापासूनचा हा नेम. म्हणजे तू मला घरी मुळाक्षरं गिरवायला लावत होतीस, तेव्हाचा.

गेल्या बैठकीला बाबा जरा उशिरा आत आले आणि सरळ त्या खुर्चीत बसले. मी चहाचा ट्रे घेऊन दारातच होते. सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. बाबांनी शांतपणे चष्मा पुसला आणि म्हणाले, सुरुवात करायची ना? मला त्यांना हळूच उठवता आलं असतं. पण मग का उठवलं हेही सांगावं लागलं असतं. म्हणून मी त्यांचा कप तिथेच ठेवला, जणू ते नेहमी तिथेच बसतात. आता लोक म्हणतात, बापलेकीचं आधीच ठरलेलं होतं.

का सांगता येत नाही ते फक्त तुला लिहिते. बाबांची स्मृती जात चालली आहे आणि ती परत येणार नाही, असं डॉक्टरांनी हिवाळ्यातच सांगितलं. दवाखान्याच्या जिन्यात बाबांनी माझा हात धरला. धाकटे पाळक तयार होईपर्यंत कुणाला कळू देऊ नकोस, नाहीतर माणसं पुन्हा एकमेकांच्या अंगावर जातील, म्हणाले. मी हो म्हटलं. तुला लिहिलं म्हणजे अर्धा शब्द मोडला का? दोन दिवस याच घोळात पत्र अडलं होतं.

आहे तो लोभ ठेव. थोडा शिलकीत असला तर तोही या महिन्यात पाठव.
तुझी भाची

११ मार्च

चि. काळजीबाईस,
अ. उ. आ.

अर्धा शब्द मोडला का, म्हणे. शब्द म्हणजे काय तुझ्या दुकानातली काच आहे, एका कोपऱ्यात तडकायला? मला तू काही नवं सांगितलं नाहीस. मी नर्स म्हणून उभा जन्म वॉर्डात काढला. तुझ्या बाबाने मला गेल्या महिन्यात तीन पत्रं पाठवली, तिन्हींत शेजारच्या मांजराने पाव पळवल्याचा तोच किस्सा. खूप हसले असं मी तिन्ही वेळा कळवलं. पहिल्यांदा खरं होतं.

बैठकीत सगळ्यात जास्त कोण दुखावलं ते तू लिहिलं नाहीस, पण पंचांतले हेडमास्तरच असणार. तो माणूस शाळेतून निवृत्त झाला, त्याच्या डोक्यातली घंटा काही झाली नाही.

सांगून टाक असं मी म्हणणार नाही. शब्द तू दिलास, ओझं तुझं. फक्त एवढं बघ, गप्प राहून तू कुणाला जपते आहेस? बाबाला की पाळकाला? दोघं एकाच झग्यात राहतात म्हणून एकच आहेत असं नाही.

वेळेवर जेव. नखं खाऊ नकोस, त्यांनी पोट भरत नाही. माझ्याकडे आशीर्वाद पुरून उरतील इतके आहेत, वापरताना हात आखडू नकोस.
आत्या

२ एप्रिल

ती. आत्यास,
सलाम वि. वि.

तुझा अंदाज खरा. हेडमास्तर घरी आले होते. पंचांमध्ये सगळ्यात वडील म्हणून त्यांनाच पाठवलं. पाणीसुद्धा न घेता खुर्चीच्या कडेवर बसले. बाबांना म्हणाले, सर्वांसमोर एक वाक्य बोला, चूक झाली म्हणा, विषय तिथेच मिटवू. बाबा म्हणाले, मी त्या खुर्चीत बसलोच नाही. इतक्या सरळपणे म्हणाले, की क्षणभर मलाच वाटलं, मी काही भलतंच पाहिलं.

फाटकापाशी हेडमास्तर मला म्हणाले, पोरी, गर्व असता तर माफ केला असता, पण पाळक तोंडावर खोटं बोलतो ते कसं करू? त्यांचे डोळे भरले होते. त्यांच्या पत्नीला मरणाआधी प्रभुभोजनाची भाकर बाबांनीच दिली होती, तीन जिने चढून, अंगात ताप असताना. हा माणूस वाईट असता तर मला किती सोपं गेलं असतं.

महिनाअखेरच्या रविवारी मंडळीची सभा आहे. मस्तकाची जागा घेतली आणि वर नाकारलं, म्हणून बाबांना पाळकपदावरून उतरवायचं. लोक माझ्याशी असे का वागतात, असं बाबा रोज विचारतात. मी रोज सांगते. आणि रोज त्यांना पहिल्यांदा ऐकल्यासारखं लागतं.

बोलले तर शब्द मोडतो. गप्प राहिले तर बाबा गर्विष्ठ आणि खोटारडे ठरून उतरतात. ओझं माझं हे मान्य, पण ते कोणत्या खांद्यावर घेऊ तेवढं तरी सांग.

रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.
तुझी भाची

३ एप्रिल

ती. ताईस,
सप्रेम सलाम वि. वि.

इकडे सर्व ठीक. शेजारच्या मांजराने आज आमचा पाव पळवला. मी मागे धावलो. मांजर जिंकलं.

ताई, माझ्यावर एक आळ आला आहे. टोकाच्या खुर्चीत मी बसलो म्हणतात. पाळक येतील नि जातील, मंडळी त्यांच्यावर उभी नाही, तिचं मस्तक कधी बदलत नाही, हे मी आयुष्यभर सांगत आलो. त्या खुर्चीवरची धूळसुद्धा मी मागच्या बाजूने उभा राहून झटकतो. मी बसेन तिथे? कुणी पाहिलं असेल तर दुसऱ्याच कुणाला पाहिलं.

पोरगी वाळत चालली आहे. दाराआड रडते आणि विचारलं तर काही नाही म्हणते. दुकानात कुणी बोललं असेल का? बाप असून मला उमगत नाही. तू विचारून बघ, तुला सांगेल.

भावोजींचा खोकला कसा आहे? गार पाणी पिऊ नका म्हणावं. एक सांगायचं राहिलंच. शेजारच्या मांजराने आज आमचा पाव पळवला.

तुझी माया आहे, म्हणून दूर असूनही धाकटा असल्यासारखं वाटतं.
तुझा भाऊ

१० एप्रिल

चि. बाळ,
अ. उ. आ.

आज थट्टा जमणार नाही. तुझ्या बाबाचं पत्र सोबत पाठवते. त्याने तुझ्या आतोबांचा खोकला विचारला आहे. त्यांच्या कबरीवर प्रार्थना त्यानेच केली होती. खोकला आता अजिबात राहिला नाही, असं मी त्याला कळवलं. ते काही खोटं नाही.

ओझं तुझं असं मागे लिहिलं, ते मी परत घेते. सांग तू. शब्द तू त्याची मंडळी जपायला दिलास, आणि आता त्याच शब्दापायी मंडळी आणि तो, दोघंही मोडताहेत. आपण गेलो की सगळं फुटेल ही त्याची भीती आहे. पण मंडळी पाळकावर उभी नाही हे तोच तर शिकवत आला. आता त्याला ते आठवणार नसेल, तर आपण त्याच्या वाटचं खरं मानायला हवं.

पाप लागलंच तर अर्धं माझ्या नावावर लिही. माझं वय झालंय, मला लवकर विचारतील.
आशीर्वाद आहेतच, त्या दिवशी उभी राहशील तेव्हा पाठीशी धर.
आत्या

१७ मे

ती. आत्यास,
सलाम वि. वि.

तुला लिहायला उशीर झाला. हात धजत नव्हता.

सभेत मी उभी राहिले. समोरच्या बाकाची पाठ धरून सगळं सांगितलं. डॉक्टर काय म्हणाले, जिन्यात काय ठरलं, चहाचा कप मी तिथे का ठेवला. बाबा पहिल्या बाकावर होते. ते वळले आणि माझ्याकडे पाहिलं. आत्या, त्या क्षणी त्यांना सगळं आठवत होतं. जिनासुद्धा. मग ते सावकाश उठले आणि म्हणाले, माझी मुलगी खरं बोलते. तेवढंच म्हणाले आणि बसले.

मग हेडमास्तर उठले. म्हणाले, मस्तकाचा मान राखायला निघालो आपण, आणि आपल्याच एका अवयवाचं दुखणं आपल्याला कळलं नाही. मतं कुणी मागितली नाहीत. व्यासपीठ धाकट्या पाळकांकडे गेलं. मंडळी फुटली नाही. ज्या भीतीपोटी बाबांनी शब्द घेतला, ती खरी झालीच नाही. हेडमास्तर आता दर रविवारी बाबांना न्यायला येतात आणि कोटाची बटणं नीट लागली आहेत ना ते पाहतात.

पण बाबा दर रविवारी सकाळी झगा मागतात. उपदेशाचा विषयही ठरवलेला असतो. मग मला सांगावं लागतं, की आता धाकटे पाळक बोलतात. का, म्हणून विचारतात. तेही सांगते. मग ते पलंगावर बसतात आणि विचारतात, मंडळीला कुणी सांगितलं?

डॉक्टरांनी, असं म्हणता येईल. धाकटे पाळक म्हणतात, तसंच सांगा, देव समजून घेईल. घेईलही. पण एक शब्द मोडला, त्यावर आता खोटं कसं चढवू? मी दर वेळी सांगते, मी.

तीनच रविवार झालेत. पहिल्या रविवारी आणि गेल्या रविवारी त्यांनी मला माफ केलं. आज नाही केलं.

तुझा लोभ मात्र एकदाच दे आणि राहू दे. तो तरी मला दर आठवड्याला नव्याने मागायला लावू नकोस.
तुझी भाची